शेक

काउंटरवरच्या मुलीनं पाकीट पुढं सरकवलं आणि "काका, तमारो रिपोर्ट" म्हणाली, तोवर सुकलालच्या दृष्टीनं तो सुरतच्या उधन्यातला एक साधा दिवस होता. साखरेचा आजार सहा वर्षांचा जुना झाला होता आणि त्याचे रिपोर्ट नेण्या-आणण्यात आता काही विशेष उरलं नव्हतं. या वेळी डॉक्टरनं एक तपासणी जास्तीची लिहून दिली होती, एवढंच. त्यानं तिथंच उभ्या उभ्या पाकीट उघडलं. इंग्रजी त्याला वाचता येत नसे, पण तीस वर्षं यंत्रमागावर धाग्याच्या कोनांवरची लेबलं पाहून अक्षरं लागत, आणि काही शब्द तर तो अक्षरं न लावताच ओळखायचा, ओळखीचा माणूस लांबून चालीवरून ओळखावा तसा. हा शब्द त्यानं तसाच ओळखला. टेस्टोस्टेरोन. हाच लांबलचक शब्द लिहिलेली चिठ्ठी त्यानं एके काळी दीड वर्ष शर्टाच्या खिशात बाळगली होती. घामानं तिच्या घड्या फाटल्या तेव्हा मागून कागद चिकटवला होता. त्या चिठ्ठीवर नाव होतं शोभाबाईचं, त्याच्या बायकोचं. या कागदावर त्याचं स्वतःचं. शब्दापुढं आकडा होता, दोनशे बारा. त्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी, एकीत मोठे आकडे, तीनशे ते हजार, आणि दुसरीत लहान, पंधरा ते सत्तर. कुठली ओळ पुरुषांची आणि कुठली बायकांची हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. मागच्या माणसानं कोपर लावलं तेव्हा आपण रांग अडवून उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं.

वरच्या मजल्यावरचा डॉक्टर गजेंद्रपेक्षाही, म्हणजे त्याच्या मुलापेक्षाही, दोनेक वर्षांनी लहान असेल. त्यानं कागद पाहिला आणि हसून म्हणाला, "काका, टेन्शन नथी लेवानुं. शुगरवाळाने थाय. महिनामां एक इंजेक्शन, बस." थकवा जाईल, अंगात जोर येईल, असं सगळं सांगून झाल्यावर त्यानं पेनाचं टोपण उगाच लावलं, काढलं आणि खाली बघत पुटपुटला, "घरमां पण सारुं रहेशे." सुकलालनं एवढंच विचारलं, "तेलवाळुं आवे छे ने?" डॉक्टरनं मान वर केली. "हा, ऑइलवाळुं. तमने केवी रीते खबर?" त्याला कशी खबर. सुकलाल चिठ्ठी घेऊन जिना उतरला. खालच्याच मेडिकलमधून त्यानं ती काचेची कुपी घेतली. आत पिवळसर, दाट, हलवलं तरी सावकाश हलणारं तेल. आणि त्याची मूठ आपोआप मिटली. अशी कुपी मुठीत धरून न्यायची असते, म्हणजे हाताच्या उबेनं तेल पातळ होतं आणि सुई कमी दुखते, हे त्याला रघुनाथ कंपाउंडरनं सहा वर्षांपूर्वी शिकवलं होतं. शटल रिक्षात चौथा म्हणून अर्धा बाहेर लोंबकळत तो घराकडं, नवागामला निघाला, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हाताची मूठ मिटून.

ब्याण्णव साली शोभाबाईची पिशवी काढली. गाठी झाल्या होत्या, अंगावरून जाणं थांबत नव्हतं, चव्वेचाळीस वर्षांची बाई भिंतीला धरून चालत होती. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढावी लागली. जीव वाचला याचंच घरात इतकं कौतुक झालं की पुढं काय हे कुणी विचारलं नाही. पुढं ती नुसती उरली. स्वयंपाक करायची, पाण्याचे हंडे भरायची, पण घरात कुणी नसल्यासारखी. कुणी हाक मारली तर जरा वेळानं बघायची. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तो तिला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. पांढऱ्या केसांची, कडक बोलणारी गुजराती बाई. तिनं रक्त घेऊन मुंबईला पाठवलं आणि दहा दिवसांनी आलेल्या कागदावरच्या आकड्यावर पेन ठेवलं. सहा. "देखो भाई," ती म्हणाली होती, "मर्दवाला हार्मोन औरत के बदन में भी होता है. थोड़ा, मगर होता है." पाळी गेल्यावरही बाईचं अंडाशय ते बनवत राहतं, आणि इथं तर अंडाशयंच नाहीत, म्हणून ही अशी विझल्यासारखी झाली आहे, असं तिचं म्हणणं. महिन्याला एक इंजेक्शन लिहून देते, त्यात बाईचं औषधही आहे आणि पुरुषाचंही. ओठावर लव येईल, आवाज जड होईल, तसं काही वाटलं तर लगेच मला येऊन सांगायचं, मी डोस कमी करीन, कारण एकदा जड झालेला आवाज परत बारीक होत नाही. हे तिनं दोनदा सांगितलं होतं. शोभाबाई जमिनीकडं बघत होती. सांगितलं होतं ते त्याला.

आणि ती परत आली. दुसरा शब्द नाही. तिसऱ्या की चौथ्या इंजेक्शननंतर एके सकाळी तो रात्रपाळी करून आला तर ती दारात उभी राहून शेजारणीशी भांडत होती, नळाच्या नंबरावरून, आणि भांडता भांडता हसत होती. भाजीत मीठ-मिरची नीट पडायला लागली. डोळे समोरच्या माणसावर टिकायला लागले. सुई मात्र वाईट होती. तेल अंगात लवकर जिरत नसे, कमरेखाली लिंबाएवढी गाठ धरायची आणि दोन दिवस तिला त्या कुशीवर झोपता येत नसे. त्यावर उपाय शेकाचा. खडेमीठ तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, कापडात बांधायचं आणि दाबत दाबत फिरवायचं. कापड तो लूमखात्यातून आणायचा, नव्या ताग्याचा डागाळलेला तुकडा, खळ लावलेला. पोटली आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचा, मग तिच्या कमरेला. ती पालथी पडून भिंतीकडं तोंड करून बोलत राहायची. माहेरचं, लेकीच्या, सोनालीच्या सासरचं, कुणाचं काय नि कुणाचं काय. आणि त्याला ते ऐकू यायचं. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. लूमच्या खडखडाटानं त्याचे कान केव्हाच गेले होते. सगळे नव्हे, बारीक आवाज गेले होते. भांड्याचा किणकिणाट, पोरीचं बोलणं, आणि बायकोचा तो सुईसारखा बारीक आवाज. दहा वर्षं तो तिच्या ओठांकडं बघून हो-नाही म्हणत आला होता, निम्मं चुकत आला होता. आता तिचा आवाज हळूहळू जड होत गेला, जरा खरखरीत, आणि पाठमोरी असतानाही तिचा शब्दन् शब्द त्याच्या कानात उतरायला लागला. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगायचं होतं ते हेच. त्यानं सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं नाही ते चांगल्या मनानं, हे त्याला अजूनही स्वतःला बजावावं लागतं. त्याला तो आवाज हवा होता.

रिक्षा दिंडोलीच्या फाटकाशी थांबली. मालगाडी जात होती, डबे संपता संपत नव्हते. त्याला आठवायचं नव्हतं तेच आठवत होतं. इंजेक्शनांच्या दिवसांतल्या त्या दुपारी. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपायचा, गजेंद्र सचिन गावच्या कारखान्यात कामावर गेलेला असायचा, पत्रा तापलेला, पंखा गरमच हवा फेकायचा. आणि ती काम आटोपून त्याच्या शेजारी येऊन बसायची. पाठीवर हात ठेवायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि या अठ्ठावीस वर्षांत तिनं आपणहून हात ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं. पहिल्यांदा तो नवऱ्या मुलासारखा लाजला. एकदोनदा सगळं नीट झालं. मग एकदा झालं नाही. मग पुन्हा झालं नाही. तिनं नुसतं त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला, आणि त्या पुसण्याचाच त्याला राग आला. साखर तेव्हा नुकतीच सापडली होती, पण याचा त्याच्याशी काही संबंध असेल हे त्याला कोण सांगणार, आणि त्यानं तरी कुणाला विचारलं. त्याला वाटलं, ही जास्त झाली म्हणून मी कमी पडतो. पुढं ती येऊन बसली की तो झोपेचं सोंग घ्यायचा. भिंतीकडं तोंड करून, श्वास मुद्दाम लांबवून. तिचा हात पाठीवर थोडा वेळ राहायचा, मग उचलला जायचा. तो उचलला जाताना पाठीवरचा घाम तेवढ्या जागेपुरता गार व्हायचा, आणि तो भिंतीकडं बघत पडून राहायचा.

चौऱ्याण्णवचा श्रावण. घरोघर कानबाई, खानदेशची देवी, बसायची होती. नवागामात सगळे खानदेशी, त्यामुळं गल्लीभर सारवण, तोरणं, आणि दुपारी नैवेद्याच्या रोटाचा गहू मोजायचं काम. कानबाईच्या रोटाला गहू घेतात तो घरातल्या पुरुषांच्या नावानं, प्रत्येक गड्यामागं सव्वा मूठ. बायकांच्या नावाचा गहू नसतो. रोट भाजतात त्या, गाणी म्हणतात त्या, पण मूठ पुरुषाच्या नावाची. सुकलालनं आपली सव्वा मूठ टाकली, गजेंद्रची टाकली आणि सूप पुढं सरकवलं. आतल्या खोलीत शोभाबाईनं कानबाईचं गाणं धरलं होतं. पूर्वी ती मागच्या बायकांत बसून नुसते ओठ हलवायची. त्या वर्षी तिनंच सुरुवात केली, आणि तो जाड, भरलेला आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बायका तिच्यामागं म्हणत होत्या. त्याला ऐकू येत होतं, सगळंच्या सगळं गाणं, आणि क्षणभर त्याची छाती भरून आली. तेवढ्यात शेजारचा रामदास, त्याच्याच खात्यात लूम दुरुस्तीचा मास्तर असलेला, सुपात डोकावून म्हणाला, "सुकलालभाऊ, आखो सव्वा मूठ टाका. तुमना घरमा आते तीन गडी शेतस."

ओटीवरचे सगळे हसले. वाईट मनानं कुणी हसलं नव्हतं. सणाचं घर, थट्टा चालायचीच. सुकलालही हसला. पण त्याचा हात सुपाच्या काठावर तसाच राहिला, आणि त्याच्या डोक्यात हिशेब वेगळाच झाला. तीन नव्हे. ती धरली तर दोनच. तो मोजण्यातच नव्हता. हे कुणालाही ठाऊक नसताना सगळ्यांना ठाऊक आहे असं त्याला वाटलं, आणि आतून येणारा तो आवाज, ज्यानं आत्ता छाती भरून आली होती, त्याला अंगावर आल्यासारखा वाटला. माणूस किती लहान असतो. एक थट्टा, तीही चण्याफुटाण्याएवढी. दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन बायका नाचत निघाल्या तेव्हा सगळ्यांत पुढं शोभाबाई होती. तो मात्र पोट बिघडल्याचं सांगून घरात बसला होता.

पुढच्या महिन्यात सुरतेत प्लेगची आवई उठली. उधना स्टेशनावर माणसांवर माणसं, तोंडाला फडकी बांधलेली. सुकलाल आणि घरचेही सगळं टाकून अमळनेरजवळच्या आपल्या गावी पळाले. दोन महिन्यांची इंजेक्शनं हुकली. गावी ती पुन्हा थोडी मंदावली, थोडी गप्प झाली, आणि सुकलालला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं त्याला आज फाटकाशी उभ्या रिक्षात जसंच्या तसं आठवलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. दिवाळीनंतर परत आल्यावर ती म्हणाली, "सुई लेवाले जावानं का?" तो म्हणाला, जाऊ. जाताना मेडिकलमध्ये तो एकटा शिरला आणि तेलाच्या कुपीऐवजी ताकदीची लाल कुपी घेऊन आला. पाण्यासारखी पातळ. ती त्यानं तशीच मुठीत धरली, गरम करायची काही गरज नसताना, तिला दिसावं म्हणून. रघुनाथच्या दवाखान्यात पडद्याआड ती पालथी पडली, नेहमीसारखी भिंतीकडं तोंड करून. रघुनाथनं कुपी उजेडात धरली, त्याच्याकडं पाहिलं. "डॉक्टरनं बदललं," सुकलाल हळू आवाजात म्हणाला. रघुनाथनं विचारलं, "बाईला माहीत आहे?" आणि उत्तराची वाट न बघता सिरिंज भरली. हे पंधरा वेळा झालं. पंधरा महिने तो लाल पाणी मुठीत धरून तिच्या शेजारून चालत गेला. डॉक्टरीणबाई डोस कमी करणार होत्या, कदाचित त्याच्याही तब्येतीचं काही बघितलं असतं, निदान ऐकून घेतलं असतं. तिथं जायला एक रिक्षा पुरे होती.

आणि तिला कळलं नाही, हा त्याचा एकच आधार होता. कारण प्रत्येक वेळी घरी आल्यावर ती पालथी पडून म्हणायची, "शेका ना जरासं." तो मीठ भाजायचा. गाठ लागायची नाही हाताला, पण तो म्हणायचा, असेल आत कुठं, किंवा सवयीनं दुखत असेल. दाबत राहायचा. ती मात्र बोलायची कमी कमी. आवाज जड तो जडच राहिला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसा, पण त्यात घालायला तिच्याकडं काही उरलं नाही. पुढच्या श्रावणात तिनं गाणं धरलं नाही. कुणी आग्रह केला तर म्हणाली, वय झालं आता. दुपारी ती दुसऱ्या खोलीत चटई टाकायला लागली. मग एक दिवस, सोळाव्या महिन्यात, तो चप्पल घालायला लागला तशी म्हणाली, "आते नको सुई. काय करनं आते." तो चप्पल काढून आत आला. त्याला तेव्हाही सुटल्यासारखंच वाटलं होतं.

रघुनाथचा दवाखाना तोच, पडदा नवा. त्यानं कुपी हातात घेतली, उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिला. "तेलाचं," तो म्हणाला. "आता तुम्हाला?" सुकलालनं पाकिटातला कागद पुढं केला, पण रघुनाथनं तो वाचला नाही. "चांगली गरम धरून आणलीत," एवढंच बोलला. सुकलाल पालथा पडला. तोंड भिंतीकडं. भिंतीला पोपटी रंग दिलेला, त्याचे पोपडे निघालेले, एक डाग तर बैलाच्या तोंडासारखा. महिन्यामागून महिने ती हे बघत होती. सुई शिरली, आणि मग तेल शिरायला लागलं, सावकाश, जड, मांसात कुणी अंगठा रुतवत न्यावा तसं. त्यानं दात आवळले. लाल इंजेक्शन त्यानंही घेतलं होतं कितीदा, ते मुंगी चावल्यासारखं, संपलं तरी कळत नाही. हे कुणीही ओळखेल. आंधळा ओळखेल. त्या क्षणी त्याच्या डोक्यात पहिल्यांदा तो विचार आला, आणि त्यानं तो लगेच बाजूला सारला, कारण मग पंधरा वेळा मागितलेल्या शेकाचं काय करायचं ते त्याला कळेना.

घरी पोचेपर्यंत पाय ओढायला लागला होता. शोभाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. पन्नास वर्षांची, केस निम्मे पांढरे, ओठावर अजून ती बारीक लव. तो उंबरा ओलांडताना तिनं त्याच्या चालीकडं पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडं. सूप खाली ठेवलं. उठून आत गेली. त्याला तव्याचा आवाज आला नाही, तसले आवाज त्याला येत नसत, पण भाजल्या मिठाचा वास आला. ती पोटली घेऊन बाहेर आली, गालाला लावून बघितली आणि म्हणाली, "पालथं पडा."

तो पडला. तिनं नेमकी जागा शोधली, हात न चुकता, आणि पोटली दाबली. ऊब आत आत जात राहिली. किती वर्षांनी तिचा हात अंगाला लागत होता हे त्यानं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"तेलनी सुई शे ना?" ती म्हणाली. खालच्या, खरखरीत आवाजात. तोंड भिंतीकडं असूनही त्याला शब्दन् शब्द ऐकू आला.

"हा."

"दुखसच ती."

पोटली फिरत होती. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळत होतं. "शोभे," तो म्हणाला, "प्लेगनंतर मी तुले जी सुई देवाडी ना, ती..."

"माले माहीत व्हतं."

पोटली थांबली नाही, तशीच फिरत राहिली.

"कव्हयपासून?"

"पहिलाच दिनपासून. दुखनंच नही. गाठ उनीच नही मंग."

पंधरा महिने. ती भिंतीकडं बघत पडत होती आणि तिला माहीत होतं. मुठीत काय आहे, ती मूठ नुसती दाखवायला मिटली आहे, कदाचित तेलाची कुपी का बदलली हेही. तिनं एकदाही विचारलं नाही. भांडली असती तर किती बरं झालं असतं. त्याला मान वळवून तिच्याकडं बघायचं होतं, पण मान वळेना.

"मंग शेक कसाले मांगे तू?"

पोटली उचलून तिनं पुन्हा गालाला लावून बघितली. गार होत आली होती.

"तितलाच तुमना हात लागे," ती म्हणाली, आणि पुन्हा तवा ठेवायला उठली.